सेकंड हँड स्पोर्ट्स कार घेताय? गाडी कशी तपासायची आणि भाव कसा लावायचा

पहिल्यांदा जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला एक गोष्ट सगळ्यात आधी सांगावीशी वाटते, गाडीचा भाव उतरतो पण तिच्या पार्ट्सचा उतरत नाही. नवीन असताना जी गाडी आपल्या आवाक्याच्या कितीतरी बाहेर होती ती दहा-पंधरा वर्षांनी एखाद्या साध्या नवीन फॅमिली कारच्या पैशात मिळायला लागते, पण तिचा क्लच, तिच्या ब्रेक डिस्क, शॉक अब्सॉर्बर आणि त्यावर काम करणाऱ्या मेकॅनिकची मजुरी हे सगळं अजूनही त्या महागड्या गाडीच्याच दराने लागतं. त्यामुळे जाहिरातीतला आकडा हा अर्धवट भाव असतो. उरलेला भाव म्हणजे गाडीत राहिलेली कामं, आणि आपण तपासणी करतो ती ही कामं शोधून प्रत्येकाला आकडा लावण्यासाठी. पुढचं सगळं ह्या एका हिशोबासाठी आहे.

आधी मॉडेलचा अभ्यास

गाडी बघायला जाण्याआधी त्या मॉडेलचे ठरलेले आजार पाठ करा. जवळजवळ प्रत्येक स्पोर्ट्स कारला असा एखादा आजार असतोच आणि तो माहीत नसेल तर गाडी समोर उभी असूनही आपल्याला काही दिसत नाही.

पोर्शेच्या ९९६ पिढीच्या साध्या ९११ मध्ये (टर्बो आणि जीटी३ सोडून) आणि ९८६ बॉक्सस्टरमध्ये एम९६ इंजिन आहे, त्यातल्या इंटरमिजिएट शाफ्टचं, म्हणजे इंजिनातल्या एका मधल्या फिरत्या दांड्याचं, बेअरिंग गेलं तर बहुतेक वेळा पूर्ण इंजिनच जातं. हे बेअरिंग गिअरबॉक्स उतरवल्यावरच हाताला लागतं म्हणून जाणकार लोक क्लच बदलतानाच ते बदलून घेतात, म्हणजे तुम्ही क्लचचं बिल मागायचं आणि त्याच बिलात बेअरिंग आहे का ते शोधायचं. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारा सांगाडा) जिथे बोल्टने बसतो तिथला फ्लोअरचा पत्रा चिरतो, हे गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय कळत नाही आणि काम मोठं आहे. त्यानंतरच्या व्ही८ एम३ ला कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगची चिंता असते. माझदा आरएक्स-८ चं इंजिन रोटरी आहे, म्हणजे पिस्टनऐवजी त्यात त्रिकोणी रोटर फिरतात, त्याचं कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) साध्या गेजने नीट मोजता येत नाही, प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजू वेगळ्या दाखवणारा खास टेस्टर लागतो. आणि ती गाडी ऑईल खाते ते डिझाईनमुळेच, कारण रोटरच्या सीलना वंगण मिळावं म्हणून थोडं ऑईल मुद्दाम आत सोडलेलं असतं, त्यामुळे तिथे "ऑईल खाते" ह्यापेक्षा "मालक नियमित ऑईल टाकायचा का" हा प्रश्न महत्त्वाचा. माझदाचीच एमएक्स-५, १९८९ पासूनची, इंजिनाने दणकट आहे पण छपराचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या की दाराखालचा पत्रा आतून गंजतो. लोटस एलिसचं चेसिस अॅल्युमिनियमचं, चिकटवून जोडलेलं आहे, त्याला मार बसला असेल तर ठोकून सरळ करायचा प्रश्नच येत नाही. फेरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं, तर तिच्याच नंतर आलेल्या ३६० मोडेनात ते काम सीटमागच्या झाकणातून होतं. दोन्ही गाड्या जाहिरातीत शेजारी शेजारी दिसतील पण सर्व्हिसचा खर्च शेजारचा नाही.

एवढं कळलं की त्या मॉडेलचे मोठे पार्ट्स, म्हणजे क्लच, चारही ब्रेक, टायरचा सेट, शॉक अब्सॉर्बर, मोठी सर्व्हिस, ह्यांचे आजचे दर विचारून एका कागदावर लिहून ठेवा, आणि इन्शुरन्सचा आकडा पण आत्ताच विचारून घ्या. हा कागद गाडी बघायला जाताना खिशात पाहिजे.

फोनवर

विकणाऱ्याला फोन केल्यावर तीन-चार प्रश्नांतच बरंच कळतं. गाडी किती वर्षं तुमच्याकडे आहे, शेवटचं मोठं काम कुठलं आणि बिल आहे का, कधी ठोकली किंवा रंगवली का, रेस ट्रॅकवर चालवली का. जो मालक मनापासून गाडी सांभाळतो तो न विचारता बोलायला लागतो, काय काय बदललं, कुठे थोडा आवाज येतो ते पण सांगतो. शेवटी एक विनंती करा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. ही विनंती अजिबात विसरू नका.

कागद

कागद गाडीच्या आधी बघा, कारण गाडी एकदा डोळ्यात भरली की कागदातल्या चुका माफ करायची इच्छा होते. चेसिस नंबर म्हणजे व्हीआयएन १९८१ पासून १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. काचेखाली, दाराच्या खांबावर आणि चेसिसवर तो जिथे जिथे आहे तिथे कागदाशी जुळवा, इंजिन नंबर पण. गाडीवर कर्ज बाकी नाही ना, अपघातात किंवा पुरात निकाली काढलेली नाही ना, कंपनीने परत बोलावून करून द्यायचं काही काम राहिलंय का, हे सगळं नंबरवरून तपासता येतं.

सर्व्हिसची बिलं तारखेप्रमाणे लावा आणि प्रत्येक बिलावरचं किलोमीटर वाचा. आकडा मध्येच मागे गेला तर विषय संपला. मोठा खंड दिसला, दोन-तीन वर्षं एकही बिल नाही, तर त्या काळात गाडी उभी होती का कुठे साध्या गॅरेजमध्ये होती ते विचारा. टायमिंग बेल्टला किलोमीटरसारखीच वर्षांचीही मर्यादा असते, ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, त्यामुळे "फार चाललीच नाहीये" हे सर्व्हिस न करण्याचं कारण होऊ शकत नाही.

ह्याच्याशी जोडून एक माझं ठाम मत. अगदी कमी चाललेल्या गाडीच्या मागे नवख्याने लागू नये. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे सील कोरडे पडतात, टायर एका जागी चपटे होतात, टाकीतलं पेट्रोल खराब होतं, आणि वर तिचा भाव जास्त. नियमित चाललेली, जाडजूड बिलांची फाईल असलेली गाडी घ्या.

बॉडी

दिवसाउजेडी, कोरड्या गाडीवर बघायचं. ओल्या गाडीवर ओरखडा पण दिसत नाही आणि रंगातला फरक पण नाही. दोन पॅनेलमधली फट डाव्या-उजव्या बाजूला सारखी पाहिजे. बोनेट उघडून फेंडरचे बोल्ट बघा, डोक्यावरचा रंग उडालेला किंवा पान्याची खूण असेल तर तो फेंडर कधीतरी निघालेला आहे. सगळ्या काचांवर तारखेचा कोड असतो, एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर का बदलली ते विचारायचं. सीट बेल्टच्या मुळाशी असलेल्या लेबलवर पण बहुतेक वेळा तारीख असते, आणि गाडीपेक्षा नवा बेल्ट म्हणजे बरेचदा एअरबॅग उडालेली.

रंगाची जाडी मोजणारं मीटर मिळालं तर सोन्याहून पिवळं. कंपनीचा रंग ढोबळमानाने १०० ते १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो, गाडीगणिक थोडं कमीजास्त, त्याच्या दुप्पट आकडा आला तर दुसऱ्यांदा रंगवलंय आणि कित्येक पट आला तर खाली पुट्टी आहे. पण स्पोर्ट्स कारमध्ये एक गोची अशी की सगळे पॅनेल लोखंडी नसतात, अॅल्युमिनियमवर चालणारं मीटर लागतं, आणि कॉर्व्हेट किंवा एलिससारख्या फायबरच्या बॉडीवर साधं मीटर आणि चुंबक दोन्ही निकामी. तिथे कडेला बारीक चिरा आणि पॅनेलच्या आतल्या बाजूला दुरुस्तीचे थर शोधायचे. पुढचा बंपर रंगवलेला असणं मात्र सरसकट वाईट धरू नका, खाली चालणाऱ्या गाडीला खडे लागतातच आणि सांभाळणारा मालक ते रंगवून घेतो. छप्पर, दाराचे खांब किंवा चेसिसचे कोपरे रंगवलेले असतील तर मागे फिरा.

आतलं पटकन उरकतं. पेडलचं रबर, स्टिअरिंगचं चामडं, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, ह्यांची झीज किलोमीटरला शोभते का बघा, कार्पेट दाबून ओल बघा, उघडं छप्पर असेल तर दोनदा उघडबंद करा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा आणि इंजिनचा दिवा आधी लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे, लागलाच नाही तर तो कोणीतरी बंद करून ठेवलाय.

थंड इंजिन

आता ती विनंती आठवा. पोचल्या पोचल्या बोनेट उघडून इंजिनवर हात ठेवा, सायलेन्सरजवळ हात न्या. गरम लागलं तर तुमच्यापासून काहीतरी लपवायचं असू शकतं, सरळ सांगा की मी थंड झाल्यावर येतो.

चालू करण्याआधी ऑईलची डिपस्टिक बघा, ऑईलच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा थर आहे का बघा, कूलंटच्या टाकीत तेलकट तवंग आहे का बघा. मग रेडिओ, एसी बंद ठेवून विकणाऱ्याला गाडी चालू करायला सांगा आणि तुम्ही मागे उभे राहा. पहिल्या एक-दोन सेकंदांची टकटक ऑईल वर चढेपर्यंत बऱ्याच इंजिनांत होते, ती तशीच चालू राहिली तर टायमिंग चेन किंवा ती ताणून धरणारा टेन्शनर खराब. खोल, जड, रेस केल्यावर वाढणारा ठोका आला तर बेअरिंग, आणि त्या गाडीचा नाद सोडा. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरी वाफ थंड हवेत साधी असते पण गाडी तापल्यावरही चालू राहिली आणि गोडसर वास आला तर कूलंट आत जातोय.

इंजिन चालू असताना ओबीडी-२ सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचायची जागा) स्कॅनर लावा, साधा स्कॅनर पण चालतो. एरर कोड तर बघाच, पण त्याहून महत्त्वाचं रेडिनेस मॉनिटर बघा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते. कोणी आदल्या दिवशी कोड पुसले असतील तर हे मॉनिटर अपूर्ण दाखवतात कारण ते पूर्ण व्हायला गाडी बरीच चालावी लागते, म्हणजे एरर नाही पण मॉनिटर पण तयार नाहीत असं दिसलं तर काहीतरी नुकतंच पुसलेलं आहे. बॅटरी काढली तरी असंच होतं, म्हणून विचारा आणि दोन-चार दिवसांनी परत स्कॅन करा.

ट्रॅकच्या खुणा, आणि चुकीचा गिअर

गाडी ट्रॅकवर गेली म्हणून लगेच वाईट ठरत नाही. ट्रॅकवर नेणारे काही लोक ऑईल आणि ब्रेक इतके वेळेवर बदलतात की रोजच्या गाड्यांना तसं नशीब नसतं. पण गेली असेल तर ते कळलं पाहिजे आणि भावात दिसलं पाहिजे. सीटमागे रेसिंगचे बेल्ट बसवण्याची भोकं, ब्रेक डिस्कवर उष्णतेच्या बारीक चिरा, टायरच्या खांद्यावर सोललेलं रबर, चाकामागच्या पॅनेलवर खड्यांचा मारा, ह्या त्या खुणा.

खरी भीती असते चुकीच्या गिअरची. तिसऱ्यातून चौथा टाकताना घाईत दुसरा पडला की चाकं इंजिनला ओढून मर्यादेच्या कितीतरी वर फिरवतात, रेव्ह लिमिटर (इंजिनला मर्यादेवर फिरू न देणारी यंत्रणा) इथे काही करू शकत नाही कारण तो फक्त पेट्रोल किंवा स्पार्क तोडतो, फिरणं थांबवू शकत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचे रिटेनर तडकतात, बेअरिंग मार खातात, आणि गाडी त्या दिवशी घरी नीट येते पण नंतर कधीतरी इंजिन बसतं. होंडा एस२००० सारख्या ९ हजार आरपीएमच्या जवळ फिरणाऱ्या इंजिनात हे जास्तच बघावं लागतं. पोर्शेत ह्याची नोंद कॉम्प्युटरमध्ये राहते, ९९७ पिढीत ती इंजिन किती आरपीएमला फिरलं त्याप्रमाणे सहा रेंजमध्ये येते आणि शेवटचा प्रकार इंजिनच्या कितव्या तासाला झाला ते पण दिसतं. खालच्या रेंजमधले आकडे मनावर घेऊ नका, वरच्या रेंजमध्ये आकडे असतील आणि ते अलीकडचे असतील तर सोडून द्या. जुने असतील, त्यानंतर इंजिन कित्येकशे तास चाललं असेल आणि कॉम्प्रेशन चांगलं असेल तर विचार करायला हरकत नाही, पण भाव पाडूनच.

टेस्ट ड्राईव्ह

आधी निवांत चालवा. कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापलं असं नाही, ऑईल त्याच्या बरंच नंतर तापतं, आणि थंड ऑईलवर गाडी खेचून दाखवणारा मालक तुम्हाला स्वतःबद्दल पुष्कळ काही सांगतो. ह्या वेळात स्टिअरिंग सरळ आहे का, हात सैल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, खराब रस्त्यावर खालून खडखड येते का ते बघा.

गाडी तापली की क्लच. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा, आरपीएम चढला आणि वेग त्या मानाने वाढला नाही तर क्लच घसरतोय. मग तिसऱ्यातून दुसऱ्यात जरा लवकर गिअर टाका, करकर झाली तर सिंक्रो (गिअर नीट जुळवून बसवणारी कडी) झिजलाय, दुसऱ्या गिअरचा सिंक्रो बहुतेक सगळ्यात आधी जातो. ऑटोमॅटिक किंवा ड्युअल क्लच असेल तर अगदी हळू, पार्किंगसारखं पुढे-मागे करून झटके येतात का बघा. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून गाडी थोडी जाऊ द्या आणि मग दाबून आरशात बघा, निळा ढग आला तर व्हॉल्व्हचे सील. एकदा जोरात ब्रेक मारा, पेडल थरथरलं तर डिस्क.

टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खोल नक्षी असलेला पण आठ-दहा वर्षं जुना टायर हा संपलेलाच टायर आहे. चार चाकांना चार कंपन्यांचे टायर दिसले तर मालकाने पैसे कुठे वाचवले ते कळलं, आता बाकी कुठे वाचवले ते शोधा.

मेकॅनिककडची तपासणी

एवढं सगळं पास झालं की गाडी त्याच ब्रँडवर काम करणाऱ्या, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे न्या. ह्याचे पैसे वाचवू नका, क्लचच्या खर्चापुढे ते काहीच नसतात. रॅम्पवर खालून ऑईलची गळती, वाकलेले आर्म, वेल्डिंग, शॉक अब्सॉर्बरचा ओलावा, सगळं बघून घ्या. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये सिलिंडर एकमेकांच्या साधारण १० टक्क्यांच्या आत पाहिजेत, आकडा नुसता मोठा असून उपयोग नाही, सारखेपणा महत्त्वाचा. लीक डाऊन टेस्टमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये भरलेली हवा किती गळते ते बघताना, २० टक्क्यांच्या वर जाणारा सिलिंडर म्हणजे काम निघालं. ज्या इंजिनांच्या सिलिंडरला आतून ओरखडे पडायची सवय आहे त्यात कॅमेरा घालून बघायला सांगा. कार्बन सिरॅमिक ब्रेक असतील तर त्यांची अवस्था नक्की लिहून घ्या, कारण त्या डिस्कचा सेट जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा खाऊ शकतो.

विकणारा ह्या तपासणीला नाही म्हणाला तर तिथेच थांबा.

भाव

जाहिरातीतले भाव ही फक्त इच्छा असते. तुम्हाला पाहिजेत प्रत्यक्ष झालेले व्यवहार, लिलावाचे निकाल, विकल्या गेलेल्या गाड्यांचे आकडे. त्याच पिढीच्या, त्याच इंजिनाच्या, त्याच गिअरबॉक्सच्या गाड्या धरा, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक एकत्र करू नका कारण बऱ्याच मॉडेलमध्ये मॅन्युअल वेगळ्याच भावाने जाते. सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त व्यवहार बाजूला काढा, उरलेल्यांचा मधला आकडा घ्या.

समजा तो मधला आकडा १०० धरला. आता खिशातला कागद काढा. टायर संपलेत, ४ गेले. क्लच शेवटाला आलाय, ६. मोठी सर्व्हिस तोंडावर आहे, ४. मागच्या डिस्क, २. झाले १६, म्हणजे ८४. पण इथे नवखे लोक एक घोळ करतात, बाकी ज्या गाड्या १०० ला गेल्या त्यांचे टायर पण काही कोरे करकरीत नव्हते, अर्धे झिजलेलेच होते, मग तुम्ही टायरची पूर्ण किंमत कापणं रास्त नाही. सरासरी गाडीपेक्षा जेवढं वाईट आहे तेवढंच कापा, आणि सरासरीपेक्षा चांगलं असेल, नवीन क्लच बिलासकट असेल, तर तेवढं वाढवा पण. असं केलं की ८४ ऐवजी ९० च्या आसपास रास्त आकडा निघतो, तुम्ही ८५ पासून बोलणी सुरू करा आणि ९० च्या वर जायचं नाही हे घरूनच ठरवून या.

मॉडिफिकेशनला पैसे देऊ नका. विकणारा म्हणेल सायलेन्सरला एवढे घातले, ट्यूनिंगला (ताकद वाढवायला इंजिनची सेटिंग बदलणं) तेवढे, पण बाजारात ते परत मिळत नाहीत, उलट कुणी केलंय माहीत नसलेलं ट्यूनिंग हा धोका आहे, सुबारूच्या टर्बो इंजिनांत चुकीच्या ट्यूनिंगने पिस्टन फुटल्याची उदाहरणं भरपूर आहेत. मूळ पार्ट्स जपून ठेवलेले असतील तर ते मात्र मागून घ्या, त्यांना किंमत आहे. रंग, कमी संख्येने निघालेली आवृत्ती, मूळ पुस्तकं आणि दुसरी चावी ह्यांनी भाव वाढतो, आणि उघड्या छपराची गाडी थंडी-पावसाच्या दिवसात थोडी स्वस्त पडते.

बोलणी करताना गाडीला नावं ठेवू नका, त्या माणसाचा जीव असतो तिच्यात. मेकॅनिकचा रिपोर्ट आणि पार्ट्सचे दर शांतपणे समोर ठेवा, ओळीओळीने दाखवा, आणि आकडा सांगून गप्प बसा. तो नाही म्हणाला तर नंबर देऊन निघा, बऱ्याचदा आठवड्याने फोन येतो.

सगळे पैसे गाडीत घालू नका, किमतीच्या १० ते १५ टक्के पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवा, जुनी आणि गुंतागुंतीची गाडी असेल तर २०. गाडी घरी आल्यावर बिलं काहीही म्हणोत, इंजिन ऑईल, गिअरबॉक्स ऑईल, ब्रेक ऑईल, कूलंट आणि सगळे फिल्टर एकदा बदलून घ्या. आणि जुनं इंजिन ऑईल काढताना मधल्या धारेतलं थोडं स्वच्छ बाटलीत धरून लॅबला पाठवा, त्यात तांबं आणि शिसं किती आहे त्यावरून बेअरिंगची झीज कळते, आणि पुढच्या ऑईल चेंजला तुलना करायला तुमच्याकडे पहिला आकडा तयार राहतो.